विमानाच्या सुट्या भागांतून इंग्रजी : वाचकांचे प्रश्न

तांत्रिक इंग्रजी शिकायचे असेल तर एकच यंत्र निवडावे आणि त्याच्या भागांतून, त्याच्या इतिहासातून भाषेत शिरावे, आणि त्यासाठी विमानासारखे यंत्र नाही, असे या सदरात सुचवले होते. त्यावर आलेल्या पत्रांतले निवडक प्रश्न इथे घेतले आहेत. इंग्रजी वाक्ये मुद्दामच देवनागरीत दिली आहेत, म्हणजे डोळ्याआधी कानाला सवय होते.

प्रश्न : माझे शिक्षण मराठी माध्यमात झाले. विमानाच्या देखभालीचे सहाशेएक इंग्रजी शब्द अर्थासह पाठ केले. तरीही मॅन्युअलचे पान उघडले की काही उमगत नाही. चुकते कुठे?

चूक यादीत आहे. यादीत 'स्पार', 'रिब', 'स्ट्रिंजर', 'स्किन' एकाखाली एक येतात आणि चौघांपुढे 'पंखाचा भाग' एवढेच लिहिलेले असते. मग परीक्षेत चारही शब्द आठवतात, पण कोणता कुठला ते सांगता येत नाही.

यादी बाजूला ठेवा आणि कागदावर पंख काढा. बुंध्यापासून टोकापर्यंत जाणारी मुख्य तुळई म्हणजे स्पार. पंख वर वाकवू पाहणारा भार ती घेते. तिला आडव्या, पुढच्या कडेपासून मागच्या कडेपर्यंत बसवलेल्या फासळ्या म्हणजे रिब. पंखाच्या छेदाचा आकार त्या धरून ठेवतात. स्पारच्याच दिशेने धावणाऱ्या बारीक पट्ट्या म्हणजे स्ट्रिंजर. त्या नसतील तर दाबाखाली पत्र्याला सुरकुत्या पडतात. आणि वरचा पत्रा म्हणजे स्किन. तो नुसते झाकण नाही, पंखाला बसणारा पीळ बराचसा तोच सोसतो.

आता प्रत्येक नावाला त्याचे क्रियापद जोडा. स्पार 'कॅरीज' द लोड, रिब 'मेन्टेन्स' द शेप, स्ट्रिंजर 'स्टिफन्स' द स्किन, स्किन 'रेझिस्ट्स' टॉर्शन. एका बैठकीत आठ-दहा भाग पुरे. नाव, जागा, काम आणि क्रियापद या चारही गोष्टी आकृतीकडे न बघता सांगता आल्या तरच तो शब्द आला असे धरा.

मॅन्युअलमध्ये अडायला होते त्याचे दुसरे कारण म्हणजे नामांच्या माळा. हे उदाहरण घ्या : 'मेन लँडिंग गिअर डोअर ॲक्चुएटर अटॅचमेंट बोल्ट'. सात शब्द, मध्ये ना क्रियापद ना शब्दयोगी अव्यय. असली माळ शेवटून सोडवायची. शेवटचा शब्द 'बोल्ट', म्हणजे बोलणे बोल्टबद्दल चालले आहे. कशाचा बोल्ट? जोडणीचा. कशाच्या जोडणीचा? ॲक्चुएटरच्या, म्हणजे भाग हलवणाऱ्या यंत्रणेच्या. कुठल्या ॲक्चुएटरच्या? दाराच्या. कसल्या दाराच्या? लँडिंग गिअरच्या, म्हणजे विमानाच्या चाकांच्या संचाच्या. कुठल्या गिअरच्या? मुख्य. मराठीत चा-ची-चे हे सांधे उघड दिसतात, इंग्रजीत ते पोटात असतात. ते आपण परत घालायचे, एवढीच ही युक्ती.

एक सापळा मात्र राहतो. 'मेन' हा शब्द दाराला लागतो, बोल्टला की गिअरला? व्याकरण इथे काही सांगत नाही. विमानाला नाकाखाली एक गिअर असतो आणि पंखाजवळ मुख्य गिअर असतात, हे ज्याला ठाऊक आहे त्याला उत्तर आपोआप कळते. म्हणूनच भाषा आणि यंत्र वेगवेगळे शिकू नका असे आम्ही म्हणतो.

प्रश्न : मला इंग्रजी हवे आहे, इतिहास नको. राइट बंधूंनी काय केले ते वाचून माझे वाचन कसे सुधारेल?

विमानाचे बरेचसे शब्द दुसरीकडून उचललेले आहेत. कुठून उचलले ते कळले की पाठांतर निम्म्यावर येते.

एक वाटा जहाजांचा. रडर, रिब, बल्कहेड, रिगिंग, कॉकपिट, पोर्ट आणि स्टारबोर्ड, वेगासाठी नॉट हे सगळे आधी पाण्यावर होते, नंतर हवेत गेले. दुसरा वाटा फ्रेंचांचा, कारण विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात विमानविद्येचा मोठा गजबजाट फ्रान्समध्ये होता. 'फ्यूजलाज' हा शब्द सूतकताईच्या चातीवरून आला. मध्ये फुगीर, टोकांना निमुळती ही चाती एकदा डोळ्यांपुढे आणा, शब्द विसरणार नाही. 'एलरॉन' म्हणजे छोटा पंख. 'एम्पनाज' म्हणजे शेपटीचा सगळा संच, मूळ अर्थ बाणाला पिसे लावणे. बाणाची पिसे आणि विमानाची शेपटी यांचे काम एकच, मागचा भाग मागे ठेवायचे. 'नसेल' म्हणजे छोटी होडी, मग बलूनची टोपली, आणि आता इंजिनाभोवतीचे आवरण. 'मोनोकॉक'मधला 'कॉक' म्हणजे कवच, १९१२ सालच्या देपर्द्युसां विमानाने हा शब्द गाजवला. 'कनार्ड' म्हणजे बदक. सांतोस-द्युमॉन्टने १९०६ मध्ये पॅरिसला उडवलेल्या विमानात शेपटीचा भाग पुढे होता, लांब मान काढून उडणाऱ्या बदकासारखा. आजही पुढे बसवलेल्या छोट्या पंखाला कनार्डच म्हणतात.

इतिहासाचा दुसरा फायदा असा की संकल्पना ज्या क्रमाने उकलल्या त्याच क्रमाने शब्द शिकता येतात. इंग्रज संशोधक जॉर्ज केलीने १७९९ मध्ये एका चांदीच्या चकतीवर उचलणारे बल आणि मागे ओढणारे बल वेगवेगळे काढून दाखवले. लिफ्ट आणि ड्रॅग ही जोडी तिथून धरा. जर्मनीच्या लिलिएन्थालने १८९१ पासून ग्लायडरवर दोन हजारांच्या आसपास झेपा घेतल्या. तो शरीराचा भार हलवून तोल सांभाळत असे, म्हणून 'सेंटर ऑफ ग्रॅव्हिटी' आणि 'स्टॅबिलिटी' हे शब्द त्याच्यापाशी शिकावेत. १८९६ मध्ये त्याचा ग्लायडर हवेत स्टॉल होऊन, म्हणजे पंखाची उचल जाऊन, कोसळला आणि तो गेला. राइट बंधूंनी १९०१ च्या शरद ऋतूत सहा फूट लांबीच्या वाऱ्याच्या पेटीत सुमारे दोनशे पंखाकृती तपासल्या. उचल काढायच्या सूत्रातला तेव्हाचा रूढ गुणक ०.००५ होता, तो त्यांना ०.००३३ च्या आसपास सापडला. म्हणजे आधीची सगळी गणिते उचल दीडपट फुगवून दाखवत होती! 'विंड टनेल', 'कोइफिशन्ट', 'कॅम्बर', 'ॲस्पेक्ट रेशो' हे शब्द या पेटीभोवती आपोआप गोळा होतात. पुढे १७ डिसेंबर १९०३, पहिले उड्डाण १२ सेकंदांचे, १२० फूट. त्याच दिवशीचे चौथे ५९ सेकंदांचे, ८५२ फूट. 'ड्युरेशन', 'डिस्टन्स', 'ग्राउंड स्पीड', 'एअर स्पीड' यांतला फरक शिकायला एवढे आकडे पुरतात. समोरून जोराचा वारा होता, म्हणून जमिनीवरून कापलेले अंतर कमी भरले.

जुने मजकूर मुळातून वाचताना मात्र जपा. राइट बंधूंच्या पेटंटमध्ये 'एरोप्लेन' म्हणजे अख्खे विमान नव्हे, तर पंखाचा पृष्ठभाग. विमानाला ते 'फ्लाइंग मशीन' म्हणतात. बायप्लेन, टेलप्लेन या शब्दांत तो जुना अर्थ आजही टिकून आहे. त्यांचे 'हॉरिझॉन्टल रडर' म्हणजे आजचे एलिव्हेटर, विमानाचे नाक वर-खाली करणारी फळी, आणि 'ड्रिफ्ट' म्हणजे आजचे ड्रॅग.

प्रश्न : शब्दकोशातला अर्थ घातला की वाक्य हास्यास्पद होते. 'मेटल फटीग' म्हणजे धातूचा थकवा?

हो, थकवाच, फक्त विश्रांतीने न जाणारा. एकाच जागी पुन्हा पुन्हा भार येत-जात राहिला की सूक्ष्म भेग पडते आणि वाढत जाते. प्रत्येक वेळचा भार सोसण्याजोगा असतो, तरी शेवटी भाग तुटतो. 'कॉमेट' हे जेट प्रवासी विमान १९५२ मध्ये सेवेत आले. १९५४ च्या जानेवारीत आणि एप्रिलमध्ये त्यातली दोन विमाने हवेतच फुटली. तपासासाठी एक अख्खी फ्यूजलाज पाण्याच्या टाकीत ठेवून आत पाण्याचाच दाब देत, काढत राहिले. हवेऐवजी पाणी, कारण पाणी फारसे दबत नाही, त्यामुळे कवच फाटले तरी स्फोट होऊन पुरावा उडत नाही. प्रत्यक्ष उड्डाणे आणि टाकीतली आवर्तने मिळून ३,०५७ झाली तेव्हा ती फाटली. फटीग, सायकल, क्रॅक, फेल्युअर, प्रेशरायझेशन हे पाच शब्द या एका प्रसंगात बसतात. 'फेल्युअर' म्हणजे नापास होणे नव्हे, भाग निकामी होणे, हे इथे आपसूक कळते.

मराठीमुळे घोटाळा होणारी जोडी म्हणजे 'स्ट्रेस' आणि 'स्ट्रेन'. बोलण्यात दोन्हीला आपण ताण म्हणतो. स्ट्रेस म्हणजे क्षेत्रफळाच्या एककावर येणारे बल, त्याला एकक आहे. स्ट्रेन म्हणजे मूळ लांबीच्या तुलनेत झालेला बदल, त्याला एकक नाही. पाठ्यपुस्तकातले प्रतिबल आणि विकृती हे शब्द रुक्ष वाटतात, पण इथे तेच कामाचे.

'स्टॉल'चेही तसेच. मोटारीचे इंजिन स्टॉल झाले म्हणजे बंद पडले. पंख स्टॉल झाला म्हणजे वाऱ्याशी त्याचा कोन इतका वाढला, साधारणपणे १५ अंशांच्या पलीकडे, की वरच्या अंगाने वाहणारी हवा पंखाला सोडून गेली आणि उचल कोसळली. यात इंजिनाचा संबंध नाही, ते व्यवस्थित चालू असू शकते. बातम्या लिहिणारे इथे हमखास घसरतात.

सर्वांत बहुरूपी शब्द 'पिच'. विमानाचे नाक वर-खाली होणे पिच, प्रोपेलरच्या पात्याचा तिरकेपणा पिच, स्क्रूच्या दोन आट्यांमधले अंतर पिच आणि दोन शेजारच्या रिव्हेटांच्या मध्यांमधले अंतरही पिच. अर्थ शेजारच्या शब्दावरून ओळखायचा. वहीत 'पिच' असे एकटे कधीच लिहू नका. 'रिव्हेट पिच', 'प्रोपेलर पिच', 'पिच ॲटिट्यूड' अशा जोड्या लिहा.

प्रश्न : ब्रिटिश इंग्रजी शिकावे की अमेरिकन?

वाचायला दोन्ही, लिहायला एक. अंडरकॅरेज म्हणजेच लँडिंग गिअर, टेलप्लेन म्हणजेच हॉरिझॉन्टल स्टॅबिलायझर, फिन म्हणजेच व्हर्टिकल स्टॅबिलायझर, स्पॅनर म्हणजेच रेंच, एरोफॉइल म्हणजेच एअरफॉइल. एका दस्तऐवजात दोघांची सरमिसळ केली तर वाचणाऱ्याला वाटते की भाग दोन आहेत, आणि तो दुसरा शोधत बसतो.

प्रश्न : वाचता येते, पण कामाच्या सूचना इंग्रजीत लिहिल्या की वरिष्ठ दर वेळी लाल रेघा मारतात. व्याकरण तर तपासलेले असते.

पत्रासोबत पाठवलेल्या नमुन्यातच कारण सापडले. वाक्य असे होते : 'डू नॉट रिमूव्ह द कॅप अंटिल द प्रेशर डज नॉट बिकम झिरो.' मनात मराठी वाक्य होते, 'जोपर्यंत दाब शून्य होत नाही तोपर्यंत झाकण काढू नका'. आपल्याकडे दोन्हीकडे नकार लागतो. इंग्रजी 'अंटिल'च्या पोटात तो नकार आधीच आहे, दुसरा घातला की अर्थ उलटतो. बरोबर वाक्य : 'डू नॉट रिमूव्ह द कॅप अंटिल द प्रेशर इज झिरो.' 'अनलेस'चीही हीच गत. त्याचा अर्थच 'नसेल तर', त्यापुढे पुन्हा 'नॉट' नको.

दुसरी लाल रेघ 'बाय' आणि 'टू' यांची. दाब ३० होता. 'इन्क्रीज द प्रेशर बाय २०' म्हणजे २०ने वाढवा, झाला ५०. 'इन्क्रीज द प्रेशर टू ५०' म्हणजे ५०पर्यंत न्या. आपला 'ने' म्हणजे 'बाय', आपला 'पर्यंत' म्हणजे 'टू'. लिहिण्याआधी मराठीत मनात म्हणा, चूक होणार नाही.

तिसरी रेघ 'रिप्लेस'ची. याचा अर्थ काढलेला भाग परत बसवा असाही होतो आणि नवा भाग घाला असाही. वापरलेली सील पुन्हा बसवली जाते ती अशाच वाक्यामुळे. दोन वाक्ये करा : जुनी सील काढून टाका, नवी सील बसवा. इंग्रजीत 'डिस्कार्ड द ओल्ड सील. इन्स्टॉल अ न्यू सील.' इथला 'अ' आणि 'द'ही पाहा. 'द' म्हणजे ती, समोर असलेली, ठरलेली. 'अ' म्हणजे त्या प्रकारातली कोणतीही एक. आपल्या भाषेत असे शब्द नाहीत म्हणून आपण ते हवे तसे पेरतो.

या सगळ्यांवर उपाय विमान उद्योगानेच काढून ठेवला आहे : 'सिम्प्लिफाइड टेक्निकल इंग्लिश', क्रमांक एएसडी-एसटीई१००. देखभालीची मॅन्युअल्स जगभर इंग्रजी मातृभाषा नसलेले लोकही वाचतात, त्यांच्यासाठी आवळून बांधलेले हे इंग्रजी आहे. अधिकृत संकेतस्थळावर मागणी नोंदवली की विनामूल्य मिळते. कृतीच्या वाक्यात २० शब्दांपेक्षा जास्त नाहीत, वर्णनाच्या वाक्यात २५ पेक्षा नाहीत. एका वाक्यात एकच सूचना. नामांची माळ तीन शब्दांपर्यंत. आणि एका शब्दाला एकच अर्थ : 'क्लोज' म्हणजे बंद करणे, जवळ या अर्थी 'निअर'. 'फॉलो' म्हणजे मागून येणे, सूचना पाळणे या अर्थी 'ओबे'. 'ऑइल' हे नाम, 'ऑइल द बेअरिंग' चालत नाही. 'वॉर्निंग' माणसाला इजा होण्याच्या धोक्यासाठी, 'कॉशन' यंत्राच्या नुकसानीसाठी, आणि दोन्ही कृतीच्या आधी. बोल्ट सैल केल्यावर खालच्या ओळीत 'आधी दाब काढा' वाचायला मिळाले तर त्याचा उपयोग काय?

सरावासाठी एक ग्लायडर करा. २ मिलिमीटर जाडीच्या बाल्सा फळीतून पंख ३०० बाय ७५ मिलिमीटर, आडवी शेपटी १२० बाय ४५, उभे फिन साधारण ५० बाय ४५. फ्यूजलाज म्हणून ३०० मिलिमीटरची काठी. पंखाची पुढची कड नाकापासून ६० मिलिमीटरवर, शेपटीची मागची कड काठीच्या टोकाशी. पंख मध्यावर कापून दोन्ही टोके ३० मिलिमीटर वर येतील असा चिकटवा, याला डायहेड्रल म्हणतात. नाकाला मळलेली माती लावून तोल पंखाच्या पुढच्या कडेपासून २२ मिलिमीटरच्या आसपास आणा. फेकल्यावर नाक वर करून थबकला आणि पडला, तर स्टॉल झाला, माती वाढवा. सरळ नाकावर गेला तर माती कमी करा.

आता खरे काम. ही कृती इंग्रजीत दहा-बारा वाक्यांत लिहा आणि ज्याने ग्लायडर पाहिलेला नाही अशा माणसाच्या हाती द्या. तो करत असताना तोंड उघडायचे नाही. तो जिथे थांबेल, ते वाक्य नापास. बहुतेक जण 'अटॅच द विंग ॲट ६० मिलिमीटर'पाशी थांबतात. कुठून ६०? आणि पंखाची पुढची कड, मध्य की मागची? दुरुस्त वाक्ये अशी : 'अटॅच द विंग टू द फ्यूजलाज विथ ग्लू. मेक शुअर दॅट द लीडिंग एज इज ६० मिलिमीटर्स फ्रॉम द नोज.' जिथून मोजायचे त्या संदर्भाला 'डेटम' म्हणतात. खऱ्या विमानाच्या वजन-तोलाच्या कागदांतही सगळी अंतरे डेटमपासूनच असतात.

प्रश्न : वाचायला काय घ्यावे? फुकट मिळणारे सांगा.

अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाची, म्हणजे एफएएची, वैमानिक आणि तंत्रज्ञ यांच्यासाठीची हस्तपुस्तके पीडीएफ रूपात विनामूल्य आहेत. भाषा स्वच्छ, आकृत्या भरपूर. तंत्रज्ञांच्या पुस्तकापासून सुरुवात करा. मग नाका या नासाच्या पूर्वसूरी संस्थेचे जुने अहवाल घ्या, तेही नासाच्या संग्रहात खुले आहेत. तिथली एक गंमत सोडवून पाहा : नाका २४१२ हा पंखाचा छेद. पहिला अंक २, म्हणजे जास्तीत जास्त बाक कॉर्डच्या, म्हणजे पुढच्या कडेपासून मागच्या कडेपर्यंतच्या लांबीच्या, २ टक्के. ४ म्हणजे तो बाक पुढच्या कडेपासून ४० टक्क्यांवर. १२ म्हणजे जाडी कॉर्डच्या १२ टक्के. हे इंग्रजीत एका वाक्यात सांगता आले तर 'मॅक्सिमम', 'पर्सेंट ऑफ' आणि 'लोकेटेड ॲट' पक्के झाले. पेटंट मात्र भाषा शिकायला घेऊ नका. 'सेड', 'व्हेअरबाय', 'सबस्टॅन्शियली' यांनी भरलेली ती वकिली भाषा आहे, कारखान्यात कोणी तशी बोलत नाही.

अपघातांचे अधिकृत तपास-अहवाल शेवटी घ्या, पण घ्याच. घटनाक्रमासाठी भूतकाळ आणि निष्कर्षासाठी नेमकी विधाने कशी लिहितात ते तिथे दिसते. शिवाय आकड्यांची शिस्त लागते. कॅनडात २३ जुलै १९८३ रोजी एका बोइंग ७६७चे इंधन हवेत संपले. टाक्यांत ७,६८२ लिटर होते, हवे होते २२,३०० किलो. लिटरचे वजन काढायला १.७७ ने गुणले, पण तो आकडा पाउंड प्रति लिटर होता. किलोसाठी ०.८ च्या आसपास हवा. उत्तर १३,५९७ आले, ते सगळ्यांनी किलो समजले. परिणामी भरले ४,९१७ लिटर, हवे होते वीस हजारांच्या घरात. दोन्ही इंजिने बंद पडलेले विमान तरंगत गिमलीच्या जुन्या धावपट्टीवर उतरवले गेले आणि कोणी दगावले नाही. हा हिशेब स्वतः करून पाहा आणि प्रत्येक ओळीत एकक लिहा. एकक लिहिले की चूक दुसऱ्याच ओळीत उघडी पडते.

प्रश्न : उच्चार चुकला तर हसतात. नेहमी चुकणारे शब्द कोणते?

'पिटॉट' नव्हे, पीटो. ते हेन्री पितो या फ्रेंच अभियंत्याचे नाव आहे, शेवटचा टी मुका. 'चॉर्ड' नव्हे, कॉर्ड. 'गॉज' नव्हे, गेज. 'हेट' नव्हे, हाइट. 'नसेल' या शब्दात जोर दुसऱ्या अक्षरावर. 'लीड' हे जोडतार किंवा पुढे असणे, पण शिसे असेल तेव्हा लेड. 'विंड' हा वारा, पण गुंडाळणे या अर्थी वाइंड. 'टेअर' म्हणजे फाटणे, 'टिअर' म्हणजे अश्रू, स्पेलिंग एकच. आणि रेडिओवर ९ हा 'नाइनर' असतो, ५ हा 'फाइफ'. खरखरीत एकाच्या जागी दुसरा ऐकू जाऊ नये म्हणून उच्चार मुद्दाम तसे ठरवले आहेत. तिथे 'शुद्ध' बोलायला जाऊ नका.